नळ, गमबूट आणि भूमध्य समुद्र

बर्फ या वस्तूशी माझी ओळख गोणपाटातून झाली. मनमाडला स्टेशनाबाहेरच्या रसवंतीवर रोज सकाळी एक सायकलवाला लाकडाच्या भुशात लोळवलेली लादी आणून टाकायचा. रसवंतीवाला ती ओढत आत न्यायचा आणि दाभणाने फोडायचा. राहिलेला तुकडा गोळेवाल्याच्या वाट्याला. तेव्हा बर्फ ही लादीने मिळणारी, भुसा झटकून वापरायची वस्तू आहे हे माझ्या मनात पक्कं बसलं. ती आभाळातून फुकट पडते, यावर माझा आतून कधीच विश्वास बसला नाही. सिनेमात पडते खरी, पण सिनेमात काहीही पडतं.

हा अविश्वास दोन सहलींनी आणखी घट्ट केला. पहिल्यांदा मनालीला गेलो तो मे महिन्यात, कारण पोरांच्या शाळेला बर्फाचा हंगाम मान्य नव्हता. ३,९७८ मीटर उंचीवरच्या रोहतांग खिंडीत नेऊन आम्हाला जो बर्फ दाखवला, त्याचा रंग सिमेंटच्या गोदामाशी नातं सांगत होता. त्यावर शे-दोनशे कुटुंबं भाड्याच्या झग्यांत मॅगी खात बसली होती. दुसऱ्यांदा डिसेंबरात गेलो, तर आठ दिवस असं लख्ख ऊन, की आणलेल्या कानटोप्या आम्ही उशीखाली घेतल्या. हॉटेलवाला रोज सकाळी आभाळाकडे बघून "कल पक्का" म्हणायचा. आमच्याकडे जूनमध्ये पाणीपुरवठा खात्याचे लोक ज्या सुरात बोलतात, अगदी तोच सूर.

तिसऱ्या खेपेला मी जानेवारीची अखेर धरली आणि हॉटेल टाळलं. जुन्या मनालीच्या वरच्या अंगाला एका सफरचंदवाल्याच्या घरी दोन खोल्या घेतल्या. गावातले लहानथोर त्यांना चाचाजी म्हणत, म्हणून आम्हीही. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आमच्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी चारशे मीटरचा इमला चढवला की मनाली. एवढ्या उंचीवर चढल्यावर तरी बर्फाने माणुसकी दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

पोचलो त्याच रात्री निफाडहून मेहुण्याचा फोन आला. त्याची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि फोनवर तो ख्यालीखुशाली विचारत नाही, हवामान सांगतो.

"दाजी, बुधवारी तुमच्याकडं पडतंय बघा. आन् शनिवारी त्याच्या मागनं दुसरं. दुसरं जोराचं हाय."

"तुला निफाडात बसून मनालीचं कसं कळतं?"

"आमचं सगळं तिकडनंच येतं ना!" तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला, कारण त्याला फवारणीची टाकी भरायची होती.

'तिकडनं' म्हणजे नेमकं कुठनं, हे मला त्या आठवड्यात शिकायला मिळालं. आपण महाराष्ट्रातले लोक पाऊस केरळातून येतो या श्रद्धेवर वाढलेलो. हिमाचलचा हिवाळा उलट्या दिशेने येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेचा एक भोवरा तयार होतो. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जे वेगवान वारे वाहतात, ते त्याला उचलतात. मग इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत तो हिमालयाच्या भिंतीवर येऊन आदळतो आणि अंगावरचा ओलावा तिथे झटकून टाकतो. याला वर्तमानपत्रात पश्चिमी झंजावात म्हणतात. हिवाळ्यातल्या एकेका महिन्यात असे चार-पाच येतात. काही नुसते ढग दाखवून जातात आणि काही एकामागून एक असे येतात, की पहिल्याची चप्पल दारात असतानाच दुसरा कडी वाजवतो.

आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक असेल तर पाऊस बरा, गाढव असेल तर राम राम. या पश्चिमेकडच्या पाहुण्याला पंचांगकर्त्यांनी वाहन दिलेलं नाही, ही मला मोठी उणीव वाटते. मार्ग बघता उंट द्यायला हरकत नसावी.

बुधवारी पहाटे जाग आली ती आवाज नाही म्हणून. मनमाडचा माणूस रेल्वेच्या आवाजात झोपतो आणि आवाज थांबला की दचकून उठतो. बर्फ ताजा असला की त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त असते आणि ती आवाज पिऊन टाकते, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आपले कान गेले. खिडकी उघडली, तर बाहेर कोणीतरी सबंध गावावर खोबरं किसून ठेवलेलं आणि किसणं अजून चालूच. बायको म्हणाली, "अगंबाई!" गेल्या पंचवीस वर्षांत मी आणलेल्या कुठल्याही वस्तूला हा उद्गार मिळालेला नव्हता.

पुढचे चार तास आमच्या वयाला शोभतील असे गेले नाहीत. आम्ही बर्फ खाल्ला, त्यावर लोळलो, त्याचा एक माणूस केला आणि गाजर न मिळाल्याने त्याला हळकुंडाचं नाक लावलं (बायको हळकुंड घेऊन का आली होती, हे विचारायची ती वेळ नव्हती). नातेवाइकांना व्हिडिओवर बर्फ दाखवला. सासूबाईंनी बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "हे सगळं झाडायचं कोणी?"

त्या घोळक्यात हा एकच प्रश्न शहाणा होता. तो त्या दिवशी आम्ही हसण्यावारी नेला.

गुरुवारी दुपारी ऊन पडलं आणि मनालीचं डोकं फिरलं. दोन झंजावातांच्या मधल्या फटीत एखाद्या थंड हवेच्या गावाचं काय होतं, हे बघण्यासारखं आहे. बर्फाची बातमी चंदीगड-दिल्लीला पोचायला फोनएवढाच वेळ लागतो. तिथली मंडळी ती ऐकून गाडीत बसतात आणि संध्याकाळी सगळी मिळून कुलू-मनाली रस्त्यावर उभी राहतात. पुढचा मनालीला पोचला नाही म्हणून मागचा थांबलेला आणि मागचा हॉर्न वाजवतो म्हणून पुढचा खाली उतरून भांडतोय. माल रोडवर माणसांची अशी दाटी, की बर्फ बघायचा तर दोन बरगड्यांमधून बघावा. सोलंगकडे निघालेल्यांना पोलीस नेहरू कुंडापाशी अडवत होते. पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या. फोर बाय फोरवाले ड्रायव्हर त्या दिवशी ज्या रुबाबात उभे होते, तो रुबाब मी याआधी फक्त लग्नातल्या आचाऱ्यात पाहिला आहे. भाव विचारला की ते आधी डोंगराकडे बघत, मग तुमच्या बुटांकडे, आणि मग आकडा सांगत.

बूट हा माझा कच्चा दुवा होता. म्हणून मी भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात शिरलो. तिथे केशरी, पोपटी, जांभळे असे अंगरखे खुंट्यांवर टांगलेले होते. प्रत्येकाच्या कॉलरला कोणा ना कोणा राज्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. त्या रेटारेटीत मी गमबुटांची जोडी घेतली, अनामत भरली, घरी आलो आणि पाय घातल्यावर कळलं की दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत.

तसाच परत गेलो. दुकानदार पन्नास गिऱ्हाइकांच्या पलीकडून म्हणाला, "सर, बरफ में सब बराबर."

वाटलं, उद्या बदलून घेऊ.

या सगळ्या जत्रेत चाचाजी कुठे होते? ते छपरावर होते. लोक बर्फात नाचत होते तेव्हा ते लाकडी फावड्याने छपरावरचा बर्फ खाली ढकलत होते. मग त्यांनी गोठ्यात गवत भरलं, लाकडं जिन्याखाली रचली, पिठाचं पोतं आणलं, राजमा भिजत घातला. चाचीजींनी दोन मोठी पातेली पाण्याने भरून ठेवली. मी विचारलं, "अभी तो धूप है, इतनी जल्दी क्या है?" चाचाजी खाली न बघताच म्हणाले, "यह धूप नहीं है जी, इंटरवल है।"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमच्यासाठी बर्फ म्हणजे बुधवार होता आणि त्यांच्यासाठी शनिवार. पहिला बर्फ बघणाऱ्यांचा, दुसरा उपसणाऱ्यांचा. आम्ही तिकीट काढलं होतं पहिल्याचं, पण राहिलो दुसऱ्यापर्यंत.

शनिवारी तो आला. मेहुण्याने सांगितलेल्या वाराला, वेळ तेवढी चार तास पुढे. पहिल्या वेळी बर्फ भुरभुरला होता. हा वाऱ्यावर स्वार होऊन आडवा आला. दुसऱ्या वादळाची खोड अशी असते, की पहिल्याचा बर्फ दिवसा अर्धा वितळतो, रात्री गोठून काच होतो आणि त्या काचेवर नवा कापूस पसरतो. वरून गादी, खाली शेवाळलेली फरशी. रस्त्यावर गाड्या घसरतात त्या यामुळे आणि वर डोंगरात ताजा थर जुन्यावरून सुटून खाली येतो तोही याच कारणाने. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा मनालीतच सुरू झाली होती. जागेची निवड चोख होती असंच म्हणायला हवं. मनालीपुढचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा, २०२० साली खुला झालेला. त्याच्या पोटात बर्फ पडत नाही, पण त्याच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर पडतो. त्यामुळे तिकडची वाहतूक बंद. वीज दुपारी गेली. मोबाईलची रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात, खांबाला टेकून डावा खांदा वर केला तर मिळायची.

आणि त्या रात्री मी तो गुन्हा केला.

मनमाडच्या माणसाने पाण्याचा टँकर बघून वेळ सांगायची, असे दिवस आम्ही काढलेत. गळता नळ दिसला की माझा हात आपोआप जातो. रात्री अकराला उठलो, तर न्हाणीघरातला नळ बारीक धारेने चालू. कोण हे बेजबाबदार लोक, असं पुटपुटत मी तो चांगला आवळून बंद केला आणि एका समाजसेवकाच्या समाधानाने झोपलो. सकाळी चाचीजींचा आवाज आला, "नल किसने बंद किया?"

डोंगरात हिवाळ्यात नळ मुद्दाम वाहता ठेवतात. वाहतं पाणी सहजी गोठत नाही. थांबलेलं गोठतं, फुगतं आणि नळी फोडतं. ही माहिती मला तिथे उभ्या उभ्या मिळाली. बायको छताकडे बघत होती. मी म्हणालो, "हवा से बंद हो गया होगा." यावर कोणी काही बोललं नाही. पुढचे दोन दिवस मी बर्फ बादलीत भरून तंदूरवर वितळवायचं काम न सांगता करत होतो. बादलीभर ताजा बर्फ वितळवला की तळाशी तांब्याभर पाणी उरतं. मनमाडमध्ये सुद्धा एवढ्या कष्टाचं पाणी मी भरलेलं नव्हतं.

तंदूर म्हटल्यावर नाशिककरांच्या डोळ्यांपुढे कोंबडी येते. तिथे तंदूर म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेली पत्र्याची लाकूडशेगडी, नळकांड्यातून धूर छपराबाहेर. सगळं घर तिच्याभोवती बसतं. आम्ही सकाळी बसायचो ते रात्री उठायचो. चाचीजी सिड्डू वाफवायच्या, आंबवलेल्या कणकेचे फुगीर, पोटात अक्रोड-खसखशीचं सारण भरलेले, वर तूप. पहिला खाताना बायको म्हणाली, "मोदकाचा थोरला चुलतभाऊ." आम्ही शेंगदाण्याची चटणी काढली, त्यांनी ती सिड्डूला लावली आणि दोन्ही राज्यांचं भलं झालं.

रविवारी दुपारी मेहुण्याचा फोन. मी खांबाला टेकून, खांदा वर करून उभा.

"पडलं का?"

"गुडघ्याच्या वर."

"मेलो," तो म्हणाला.

"अरे, पडलं आमच्याकडे, मरतोयस तू काय?"

मग त्याने समजावलं. झंजावात हिमालयावरून पुढे सरकला, की त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी थंड हवा खाली सुटते. ती राजस्थान, मध्य प्रदेश करत दोन-तीन दिवसांत नाशिक जिल्ह्यात उतरते, आणि राज्यातला सगळ्यांत खालचा पारा कुठला म्हणून पेपरात निफाडचं नाव येतं. लोकांना ते वाचून मजा वाटते, स्वेटर काढतात. पण याच दिवसांत द्राक्षात साखर भरत असते. थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि पहाटे पारा फारच उतरला तर तयार मणी तडकतात. तडकलेला घड व्यापारी घेत नाही.

चाचाजी मागे उभे राहून ऐकत होते. "किसान है क्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणताच त्यांनी फोन हातात घेतला आणि मला खांबापासून बाजूला केलं.

पुढचा संवाद मी एका बाजूने ऐकला, पण मेहुण्याचा आवाज शिवारातून हाका मारण्यात तयार झालेला असल्यामुळे दुसरी बाजूही ऐकू येत होती.

"नमस्कार चाचाजी! आपके उधर बरफ गिरा, तो इधर हमारा मणी तडकता है!"

"मणि?" चाचाजी गोंधळले. "कौन सी मणि? हार टूट गया?"

"हार नहीं, अंगूर! अंगूर तडक जाता है! थंडी वाजती है उसको!"

मग मी मध्ये पडून दुभाष्याचं काम केलं. पाच मिनिटांनी माझी गरज उरली नाही. चाचाजी सांगत होते, की त्यांच्या जुन्या जातीच्या सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांच्या खालचे हजाराहून जास्त तास लागतात. ते मिळाले नाहीत तर वसंतात फूल धड येत नाही. गेले दोन हिवाळे त्यांच्या बागेत कोरडे गेले होते. बर्फ हळूहळू वितळून मुळाशी मुरतो, म्हणून तिकडे त्याला सफेद खाद म्हणतात. म्हणजे ज्या बर्फाने माझा नळ फोडला आणि दिल्लीकरांच्या गाड्या नाल्यात घातल्या, त्याला चाचाजी शेणखताच्या बरोबरीने मोजत होते. आणि तेच वारं दोन दिवसांनी निफाडात दुसऱ्या एका माणसाचं पीक फोडणार होतं. एकाने या वादळासाठी हात जोडले होते, दुसऱ्याने ते टळावं म्हणून. भूमध्य समुद्राने कोणाचं ऐकायचं?

दोघांनी मात्र एकमेकांना अजिबात बोल लावला नाही. चाचाजींनी विचारलं, बागेत धूर करता का? मेहुणा म्हणाला, करतो, पहाटे शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू ठेवतो. चाचाजी म्हणाले, हम भी फूल के टाइम यही करते हैं. मग औषधांचे भाव निघाले, मग मजुरांची टंचाई, मग व्यापारी. व्यापाऱ्यांवर दोघांचं इतकं जमलं, की माझ्या फोनची बॅटरी एकोणीस टक्क्यांवरून चारवर आली. वीज नसलेल्या घरात चार टक्के म्हणजे काय, हे शहरी वाचकांना सांगायला नको.

फोन परत देताना चाचाजी म्हणाले, "आपका साला समझदार आदमी है।" पंचवीस वर्षांत मी हे वाक्य ऐकलं नव्हतं, उच्चारलंही नव्हतं.

मंगळवारी तिसरा येतोय, पण अशक्त आहे, असा निरोप निफाडहून आला, म्हणून आम्ही सोमवारी निघालो. बियासच्या उजव्या काठाचा मोठा रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला. चाचाजी म्हणाले, डाव्या काठाने नग्गरमार्गे जा, पण गाडीपर्यंत चालत जावं लागेल. तर बॅगा डोक्यावर, वाटेत हिडिंबेच्या देवळाकडच्या देवदारांना लांबून हात जोडले. ते देऊळ १५५३ सालचं, म्हणजे असे कित्येक शनिवार पाहून बसलेलं. भीम इथे नेमका कोणत्या महिन्यात आला होता, याचा अभ्यासकांनी शोध घ्यावा. जानेवारीत आला असता तर त्याने लग्न आधी तंदूरशी लावलं असतं.

चालताना माझ्या पायांत दोन्ही डावे गमबूट होते, कारण दुकान शनिवारपासून बंद होतं. दोन डाव्या पायांनी चालणारा माणूस सरळ जात नाही, तो किंचित डावीकडे वळत राहतो. दर पन्नास पावलांनी बायको मला रस्त्यावर आणून ठेवत होती. दुकानापाशी पोचलो तर ते नेमकं उघडं. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "पाँच दिन."

मी म्हणालो, जोडी एक उजवी-एक डावी असते, या हिशोबाने मी फक्त एकच बूट भाड्याने घेतलेला आहे, दुसरा तुमच्याकडून चुकून आला. तो म्हणाला, दुकान बंद होतं ते बर्फामुळे, बर्फ बघायला आपणच आलात. अनामत त्यात गेली.

नाशिकरोडला गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर तीच थंडी आमच्या आधी येऊन उभी होती. कानटोप्या काढायचा प्रश्नच नव्हता. तसेच निफाडला गेलो. पहाटे चारला मेहुण्याच्या बागेत ओळींच्या टोकांना शेकोट्या पेटलेल्या, धूर वेलींखाली पसरलेला. मेहुणा कान झाकून, हातात विजेरी घेऊन घड तपासत हिंडत होता. मला बघून त्याने सहल कशी झाली हे विचारलं नाही. विचारलं, "चाचाजींच्या नळाचं काय झालं?"

हे त्याला कोणी सांगितलं, याचा मी बायकोकडे बघून अंदाज घेतला. पण सांगणारी ती नव्हती. आता चाचाजींचा फोन मला येत नाही, तो थेट निफाडला जातो. दोघांचं आठवड्यातून दोनदा बोलणं होतं आणि मनालीचं हवामान मला मेहुण्याकडून कळतं. परवाच्या बातमीनुसार सफरचंदाला थंडीचे तास पुरेसे मिळाले, इकडे एका एकरातले मणी तडकले आणि दोन एकर वाचले, नळी नवी बसवली, ती पाचशे चाळीस रुपयांना पडली. गमबुटांची चौकशी दोघांपैकी कोणीही केलेली नाही.